खोली खाली आहे

वहिनीला मी मारलं, पण मुद्दाम मारलं नाही. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलंय की आता कोणी मान वर करूनही बघत नाही. खेळात मारलं हो, खेळात! आणि खेळात तरी मी मारलं, की ती आपल्या पायांनी गेली, की आमच्या दिल्लीच्या खिचडी मराठीने तिचा जीव घेतला, याचा माझ्या डोक्यात अजूनही घोळ आहे.

आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. वर फक्त गच्ची. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. दादा फरीदाबादच्या कारखान्यात इंजिनियर, सकाळी सातला बाहेर पडायचा तो रात्री जेवायच्या वेळेला परत. धाकटी बहीण कॉलेजात. मी एम.ए. करून परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसलेलो, म्हणजे आईच्या भाषेत 'घरी पडलेला'. आणि वर्षभरापूर्वी दादाशी लग्न करून पुण्याहून आलेली वहिनी. पुण्यात ती एका शाळेत मराठी शिकवायची. इथे येऊन ती सकाळी डबे भरायची. मग दिवसभर काय करायची, ते खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं.

खेळ मला हॉस्टेलवर मिळाला. एका मित्राकडे नियमांच्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स होती, तीही अर्धीच. त्यामुळे नियम मला अर्धेच कळले आणि उरलेले मी मनाने लावले. खेळ असा: पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, समोर नदी आहे, पूल मोडलाय, तू काय करतोस? खेळणारा म्हणतो, पोहून जातो. मग फासे टाकायचे. आकडा बरा आला तर पोचला, वाईट आला तर गटांगळ्या. आईला हे मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणजे नुसत्या गप्पा मारता, असंच ना?" मी म्हटलं, "बिल्कुल नाही!" पण मग नक्की काय, ते मला पुढे सांगता येईना.

आमची गोष्ट पानिपतहून सुटली होती. लढाई हरल्यावर जी माणसं इकडेतिकडे पांगली, त्यातली दोन माणसं पायी दक्षिणेकडे, घरी निघाली आहेत, एवढंच मी ठरवलं होतं. बहीण झाली घोडेस्वार, पण घोडा नसलेली. खालच्या मजल्यावर राहणारा माझा मित्र, मूळ नगरकडच्या ख्रिस्ती घरातला, तो झाला तोफेला बत्ती देणारा गोलंदाज, पण तोफ नसलेला. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही चटई घेऊन गच्चीवर. सहा महिने झाले तरी आमची माणसं दिल्लीच्या वेशीतच घोटाळत होती. दादा रविवारी उन्हात तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवा व्हायचा आणि त्या कागदाखालून म्हणायचा, "मी फरीदाबादला रोज जाऊन येतो यार. तुम्हाला सहा महिन्यांत जमेना?"

वहिनी आली ती दिवाळीनंतर. आली म्हणजे शेंगदाणे घेऊन वर आली आणि बसली. दोन रविवार नुसती ऐकत होती. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, "अंधार पडलाय, एक झोपडी दिसते." तर ती मध्येच बोलली, "झोपडीत दिवा आहे का? दिवेलागणीची वेळ आहे ना?"

बहीण म्हणाली, "दिवे काय?"

"दिवेलागण. दिवे लावायची वेळ गं. तुम्ही काय म्हणता त्याला?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो. शाम हो गई, एवढंच.

त्या दिवशी ती खेळात आली. लष्कराबरोबर गेलेली वैदीण झाली, झाडपाल्याची औषधं देणारी. आणि काय सांगू, आमचा खेळच बदलून गेला. मी आपला तोवर मोठमोठ्या लढाया आणि सापळे रचत बसायचो. ही विचारायची, पायात काय आहे आपल्या? थंडी किती आहे? गोलंदाजाची जखम कोणी बांधली? झोपडीतली बाई आपली भाषा बोलते का? मला उत्तरं माहीत नसायची. मी बावचळायचो, काहीतरी ठोकून द्यायचो, आणि तेच नेमकं सगळ्यांना आवडायचं. तेव्हा मला कळायला लागलं की सांगणाऱ्याने फार ठरवून येऊच नये. जागेतल्या दोन-तीन गोष्टी सांगाव्यात, 'तू काय करतेस' म्हणून विचारावं, आणि गप्प बसावं. हे गप्प बसणं मला फार जड जायचं. अजून जातं.

आणि शब्द! कोनाडा, माळवद, पडवी, आडोसा. ती बोलता बोलता टाकायची आणि आम्ही वेचायचो. बहीण सगळा खेळ लिहून घ्यायची. बाबांच्या ऑफिसातून आलेलं एक जुनं फाइल कव्हर होतं, नाडीवालं, त्यात कागद लावायची. मी काय सांगितलं, कोण काय करतं म्हणालं, फासे काय पडले, अक्षरन् अक्षर. कारण आमचा एकच पक्का नियम होता आणि तो मी केला होता: बोललं ते झालं. तोंडातून गेलं की गेलं. 'नाही नाही, मी तसं नाही करत' असली मागे फिरायची सोय नाही. त्याशिवाय खेळाला अर्थ राहत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

जानेवारीत बाबांच्या ओळखीतून निरोप आला. दिल्लीतल्या मराठी मुलांच्या एका शाळेत मराठीची बाई हवी होती. वहिनी जाऊन भेटून आली, त्यांना ती पसंत पडली. तिकडे पुण्याच्या जुन्या शाळेचंही पत्र आलं होतं, जूनपासून परत या म्हणून. दादाची पुण्याला बदली होणार होणार म्हणत वर्ष गेलं होतं. तो म्हणाला, "तू ठरव. तू तिकडे गेलीस तर मी मागनं येईन कधीतरी." त्या 'कधीतरी'वर आईचा चेहरा पडला. माझाही पडला असणार, कारण वहिनी हसून म्हणाली, "अरे, मी इथेच घेणार आहे नोकरी. तुमच्या माणसांना घरी पोचवल्याशिवाय कुठे जाते?" शाळेला पक्कं कळवायला तिच्याकडे अजून चार आठवडे होते.

आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी मी तिला मारलं.

झालं असं. तिघांच्या मागावर घोडेस्वार लागले होते. संध्याकाळ, पडझड झालेली जागा, पळायला वाट नाही. मी म्हटलं, "समोर एक बावली आहे."

"बावळी? कोण बावळी?" वहिनी दचकली.

आम्ही तिघं फुटलो. बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर, दिल्लीत पावलोपावली आहेत, आम्ही लहानपणापासून हाच शब्द ऐकलेला. ती म्हणाली, "हां हां, बारव म्हणा की," आणि तीही हसली. इथवर सगळं छान होतं, मी देवाशप्पथ सांगतो.

मग मी पुढे सांगितलं. बावलीच्या पायऱ्या तुटल्यात, आत अंधार. बावलीला लागूनच एक खोली आहे. घोड्यांच्या टापा जवळ आल्यात. वहिनीने विचारलं, "त्या खोलीत कोणी आहे का?" मी म्हटलं, "खोली खाली आहे." आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, "वहिनी, तू काय करतेस?"

मला वाटलं, आता म्हणेल, आत शिरते, दार लावून घेते. तिघं वाचतील, घोडेस्वार निघून जातील. एवढं सोपं करून ठेवलं होतं मी.

वहिनीने क्षणभर विचार केला, पदर खोचला, खरंच खोचला, आणि म्हणाली, "मी उडी मारते."

"कुठे?"

"विहिरीत. कुठे म्हणजे काय!"

कोणी मागे लागलं म्हणून सरळ जीव देते ही बाई? माझ्या मनात आलं, काहीतरी मोठं नाट्य करायचंय हिला. शूरपणा. शत्रूच्या हाती लागायचं नाही वगैरे. मग मी कोण अडवणारा? म्हटलं, "बघ हां. बोललं ते झालं." ती म्हणाली, "झालं!" आणि दोन्ही फासे टाकले. आम्ही ल्युडोचे दोन फासे वापरायचो. एक आणि एक. याहून कमी दोन फाशांत पडूच शकत नाही.

"कपाळमोक्ष," मी म्हणालो. "बावली कोरडी आहे. खोल आहे. वैदीण गेली."

"अरे पण खोली?"

"कुठली खोली?"

"खाली खोली आहे म्हणालास ना!"

"खाली नाही, खाली!" मी म्हणालो. "खोली खाली आहे! एम्प्टी! कोणी नाही आत!"

"म्हणजे रिकामी!"

"हां, तेच. खाली."

आणि मग मित्र हसायला लागला. त्याच्या मागून बहीण. बहीण गडाबडा लोळली चटईवर. दादा वर्तमानपत्राखालून म्हणाला, "उडी मारली? बिचारी बावळी!" आणि आई कपडे काढायला वर आली होती, तीही तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. का हसलो? आज विचाराल तर सांगता येत नाही. सगळे हसतात तेव्हा माणूस हसतो.

वहिनी हसली नाही. तिने आपला कागद उचलला, ज्यावर तिने वैदिणीच्या सगळ्या औषधांची यादी केली होती, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाली, "बरोबर आहे. इथे मीच बावळी." आणि जिना उतरून गेली.

मला वाटलं, होईल तासाभरात ठीक. अहो, कागदावरची बाई ती! मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, "वहिनी, नवीन माणूस घे ना. तिरंदाज होतेस?" तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "नको, भावजी." ती मला कधी भावजी म्हणायची नाही. आमच्यात दोन वर्षांचं अंतर, अरे-तुरेतलं नातं. भावजी म्हटलं की समजावं, प्रकरण तापलंय.

पण का तापलंय, तेच मला कळेना. मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "तू मारलंस तिला." मी म्हटलं, "तिने उडी मारली!" ती म्हणाली, "तू खाली म्हणालास." मी म्हटलं, "मग खालीच तर होती!" आमचं भांडण कुठच्या कुठे गेलं. मित्राला विचारलं. तो म्हणाला, "चल यार, जिवंत कर तिला, किस्सा खतम." पण माझा नियम! एकदा मेलेलं माणूस 'चुकून मेलं होतं' म्हणून उठवलं, की उद्या प्रत्येकजण चुकूनच मरणार. मग फासे कशाला टाकायचे? खरंच सांगतो, मला तेव्हा वहिनीपेक्षा माझा नियम मोठा वाटत होता. थोबाडीत द्यायला हवी होती कुणीतरी.

दोन रविवार ती वर आली नाही. मग एका गुरुवारी चहा घेताना ती बाबांना म्हणाली, "बाबा, त्या शाळेला नाही म्हणून कळवाल का? मी पुण्याचंच पत्र स्वीकारते."

बाबांनी कप खाली ठेवला. "का गं? अच्छी भली शाळा आहे."

"मला इथलं मराठी येत नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "वर्गात गेले आणि 'खाली बसा' म्हटलं, तर तुमची मुलं रिकामी बसून राहतील. आणि हसतील. घरातली हसली तर वर्गातली का नाही हसणार? तिकडे मला निदान कळतं कोण काय बोलतंय ते."

माझ्या कानशिलांत एकदम गरम झालं. म्हणजे हे होतं! वैदिणीचं नव्हतंच. वर्षभर या घरात ती आमचं बोलणं मनातल्या मनात उलटंसुलटं करून लावत होती, आणि ज्या एका जागी तिचे शब्द चालत होते, जिथे आम्ही तिच्या तोंडाकडे बघायचो, तिथेच आम्ही तिला हसलो होतो. बरं, चुकीचं कोण बोलत होतं? ती की मी? खोली रिकामी असते. खाली असते ती पायाखालची. हे मला माहीतच होतं की! पण मग मी आयुष्यभर 'सीट खाली आहे का' असं मराठीतच विचारत आलो होतो ते काय होतं? मी जितका विचार करायचो, तितका माझाच पाय घसरत होता.

बाबा म्हणाले, "सोमवारी कळवू. सोमवारपर्यंत मुदत आहे." त्याच संध्याकाळी तिने दिवाणाखालची मोठी बॅग ओढून बाहेर काढली आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली. जून लांब होता, पण बॅग निघाली. येताजाता ती सगळ्यांना दिसत होती, आणि आई तिच्यावरून नजर फिरवून घ्यायची.

शुक्रवारी मी बाबांसमोर फाइल घेऊन बसलो. सगळं सांगितलं. बाबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फाइल म्हटली की त्यांना हुरूप यायचा. म्हणाले, "काय नोंदलंय ते वाच."

बहिणीच्या अक्षरात होतं: 'वहिनी विचारते, खोलीत कोणी आहे का. सांगणारा: खोली खाली आहे. वैदीण विहिरीत उडी मारते. फासे एक, एक. कपाळमोक्ष.'

"मग आता तुला काय हवंय?"

"हे खोडायचंय. पण खोडता येत नाही. नियम आहे."

"बरोबर आहे नियम. खाडाखोड कधीच करायची नाही," बाबा एकदम ऑफिसात गेले. "आम्हीसुद्धा फाइलवरचं नोटिंग खोडत नाही. वर कोणी काहीही लिहिलेलं असो. वरचं तसंच ठेवायचं. खाली लिहायचं. वरची नोंद पाहावी आणि त्याचा अर्थ असा घ्यावा, म्हणून खाली नवी नोट टाकायची. लक्षात आलं? वरचं खोडू नकोस. खाली लिही."

मी म्हटलं, "बाबा, खाली म्हणजे—"

"खाली म्हणजे खाली! बावळट!"

मी कागदाकडे बघत बसलो. सांगणारा: खोली खाली आहे. पुन्हा वाचलं. अरेच्चा! मी काय बोललो होतो? बोललं ते झालं, हा माझाच नियम ना? मग मी मराठीत, मराठी माणसांत बोललो होतो की खोली खाली आहे. माझ्या मनात काय होतं ते फाइलमध्ये कुठे आहे? मनातलं चालत नाही, बोललेलं चालतं. म्हणजे खोली खाली आहे. असायलाच हवी. नियमच आहे!

त्या नोंदीच्या खाली मी लिहिलं: 'वरील नोंद पाहावी. खोली खाली असल्याचे सांगणाऱ्याने स्वतः सांगितले आहे. फासे वाईट पडले, सबब वैदिणीला लागले असेल, पण ती त्या खोलीत आहे.' मग शनिवारचा अख्खा दिवस मी ती खोली काढत बसलो. बावलीच्या तळाशी, भिंतीत कोरलेली. कोनाडा काढला. कोनाड्यात पणती काढली. एक रांजण, थोडं पाणी. कोपऱ्यात वरून पडलेली पिंपळाची पानं. आयुष्यात कधी कुठल्या नकाशावर इतका जीव ओतला नव्हता.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलं, "वहिनी, उद्या दुपारी पाचच मिनिटं वर येशील?" ती कणीक मळत होती. म्हणाली, "बघते. कळवते तुला."

रविवारी जेवणं झाली. मी मागच्या खोलीत नकाशातल्या पानांना शिरा काढत होतो. मोबाईल वाजला. वहिनीचा मेसेज, तीन शब्दांचा. 'मी खाली आहे.'

मी बाहेर आलो. घरात कोणी नव्हतं. आणि भिंतीजवळची बॅगही नव्हती.

निघाली! जूनची वाट बघायला नको, सोमवारची नको, आजच. खाली उभी आहे रिक्षासाठी आणि मला निरोप घ्यायला बोलावतेय. मी नकाशा हातात घेतला आणि धावलो. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात बाबांची. जिना उतरलो, फाटकाशी कोणी नाही. पार्कमध्ये बघितलं, मैदानात बघितलं. रिक्षावाल्यांना विचारलं, "भैया, एक भाभीजी, बड़ा बैग?" ते म्हणाले, इथे तर सगळ्याच भाभीजी आणि सगळ्यांकडे बॅगा. समोर मार्केटची रविवारची गर्दी. तिला फोन लावला तर एंगेज. मी तिथे रस्त्यावर उभा राहिलो आणि मला चक्क रडू यायला लागलं. एका शब्दापायी हे! एका दळभद्री शब्दापायी!

"अरे ए! वर! वर बघ!"

गच्चीच्या कठड्यावरून बहीण हात हलवत होती. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. गच्चीवर चटई अंथरलेली. मित्र बसलेला, दादा आडवा, आई-बाबा खुर्च्या टाकून. आणि मध्ये वहिनी, पुढ्यात दोन फासे आणि शेंगदाण्यांची ताटली.

"होतास कुठे?" ती म्हणाली. "कधीचा मेसेज केलाय. फोन लावतेय तर तुझा एंगेज."

"तू— तू लिहिलंस मी खाली आहे! मी खाली सगळीकडे—"

"अरे, खाली म्हणजे रिकामी! ओटा आवरला, आता खाली आहे, असं." मग ती थांबली. "तुमच्या भाषेतच लिहिलं होतं मी. तुला पटकन कळावं म्हणून."

मी धापा टाकत होतो. "मी तुझ्या भाषेत वाचलं."

कोणी हसलं नाही. नाही, खोटं कशाला, दादा हसला. पण वहिनीने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो वर्तमानपत्रात गेला. कठड्यालगत उन्हात ती बॅग उघडी पडली होती. पूर्ण रिकामी. आईने थंडीचे कपडे आणि डांबराच्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या शेजारी. बॅग भरायची असते की नुकतीच रिकामी केलेली असते, ते नुसतं बघून कळत नाही. मला विचारायचं धाडस होईना.

मी फाइल उघडली आणि वरची नोंद वाचली. मग खालची वाचली. मग तिच्यापुढे नकाशा ठेवला. "वहिनी, वैदीण मेली नाही. मी बोललो होतो खोली खाली आहे. म्हणजे आहे."

तिने नकाशा जवळ ओढला. पणतीवर बोट ठेवलं. कोनाड्यावर ठेवलं. मग मान वर न करता विचारलं, "आणि ही खोली खाली आहे का? तुमची खाली?"

"खाली आहे," मी म्हणालो, आणि माझं मलाच कळेना मी काय बोलतोय. "म्हणजे खाली आहे, पण खाली नाहीये. तू आहेस ना तिथे."

वहिनीचे डोळे भरून आले आणि ती हसली, दोन्ही एकदम. आईने उगाच पदराने चष्मा पुसला. मी रिवाजाप्रमाणे विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "थांब. दार कुठेय?"

मी नकाशा बघितला. चारी बाजूंनी भिंत. एवढी पानं काढली, रांजण काढला, पण मी दार काढलंच नव्हतं.

"धन्य आहेस," ती म्हणाली. माझ्या हातातली पेन्सिल घेतली, एका भिंतीत नीट दार काढलं, उंबरा काढला, आणि दारापासून वर जाणाऱ्या पायऱ्या काढल्या. "हं. आता विचार."

"वहिनी, तू काय करतेस?"

"मी वर येते," ती म्हणाली. मग बाबांकडे वळून, "आणि बाबा, सोमवारी नाही म्हणून कळवू नका. मीच जाते शाळेत. या मुलांना 'खाली बसा' म्हणजे काय ते कोणीतरी शिकवायला हवं."

बहिणीने पेन उचललं, थांबली आणि मला विचारलं, "हे पण लिहू?"

"लिही," मी म्हणालो. "बोललं ते झालं."